अकरा नावांचा हिवाळा

नोव्हेंबर सरत आला की कुवेतमधली माणसं हळूहळू माणसात येतात. सहा-सात महिने एसीच्या घरघरीमागे बंद असलेल्या खिडक्या उघडतात. बायका बाल्कनीत गाद्या टाकतात, पुरुष कपाटातून स्वेटर काढतात आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून कुरकुरतात. शुक्रवारी सकाळी समुद्राकडून गार वारा सुटतो, आकाश स्वच्छ असतं, आणि भेटेल तो म्हणतो, "काय हवा पडलीय!" पडली असेल. मला या हवेचा राग येतो. आठ वर्षं झाली, दर हिवाळ्यात येतो, आणि वय वाढलं म्हणून तो कमी झालाय असंही नाही.

"हवेवर कसलं रागावताय?" असं बायको विचारते. ती तेव्हा साताऱ्याला होती, त्यामुळे तिला माफ आहे. या हवेत इथले लोक क्रिकेट खेळतात, एवढं तिला माहीत आहे. मी एके काळी टीमचा मॅनेजर होतो, हेही माहीत आहे. आमच्या शोकेसमध्ये एक छोटा पितळी कप आहे, तो पुसताना ती दर वेळी म्हणते, "चांगला जिंकलाय की!" मी पेपर तोंडासमोर धरतो.

मी इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांना श्वास रोखायला सांगायचं आणि बटण दाबायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा शुक्रवारी मात्र मी मराठी मंडळींच्या टीमचा मॅनेजर असे. मॅनेजर हा शब्द मोठा आहे. काम असं, की शहरातल्या शर्क भागातल्या दुकानातून बॉल आणायचे, कोणाची ड्यूटी कधी ते वॉर्डावॉर्डात फोन करून विचारायचं, पाण्याचे कॅन भरायचे आणि शिव्या खायच्या. खेळतही असे. बॅटिंगला आठवा किंवा नववा, आणि फिल्डिंगला जिथे बॉल सहसा जात नाही तिथे. पण नावं मी काढत असे. गुरुवारी संध्याकाळी अकरा नावं ठरवायची आणि सगळ्यांना कळवायची, हा अधिकार माझा होता, आणि तो मला फार आवडायचा.

अबू हलीफा मागे टाकून महबूल्याकडे निघालं की तेव्हा नुसती वाळू होती. आज तिथे चार-चार मजली इमारती उठताहेत, दोऱ्यांवर आपल्याच लोकांचे लेंगे आणि साड्या दिसतात. त्या वेळी तिथे एक सपाट तुकडा होता आणि त्यावर पाणी मारून, रोलर फिरवून आम्ही पिच केली होती. पिचवर काथ्याची मॅट अंथरायची आणि कडेनं लोखंडी खिळे ठोकायचे. मॅट ढिली राहिली तर बॉल कुठेही जातो, जास्त ताणली तर खिळा वाळूतून उपटून येतो. ताण किती द्यायचा हे आमच्या टीममध्ये एकाच माणसाला कळत होतं. त्याच्याकडे येतोच आहे.

आधी बाकीच्यांवर थोडा राग काढू द्या. माझी टीम म्हणजे एकेक नमुना होता. आमचे कॅप्टन डॉक्टर सामंत बॅटिंगला उत्तम, पण कॅच सुटला की "हरकत नाही, हरकत नाही" म्हणत टाळ्या वाजवायचे. का हरकत नाही? हरकत आहे म्हणून तर आपण कॅच घ्यायला उभे राहिलो ना? लॅबमधला एक जण नवा बॉल झकास टाकायचा, पण दोन ओव्हरींत कोणी फोर मारली की रुसून लाँगऑनला जाऊन उभा राहायचा. दोघं असे होते की उंच बॉल आला की एकमेकांकडे बघून "तुझा, तुझा" म्हणत. घरी पाहुणे आल्यावर शेवटच्या वडीसाठी आग्रह करावा तसा. बॉल दोघांच्या मधे पडायचा आणि दोघं हसायचे. ते हसणं मला आजही ऐकू येतं आणि आजही हात शिवशिवतात. हरल्यावर कोणाला वाईट वाटत नसे. गाड्यांच्या डिक्या उघडायच्या, पोहे निघायचे, थर्मास निघायचे, आणि दहा मिनिटांत असं वातावरण व्हायचं की सहल जिंकली.

आणि टीम कशी निवडली जायची ते ऐका. मैदान शहरापासून लांब, बस तिथपर्यंत जात नसे. तीन गाड्या लागत. म्हणून ज्याची गाडी, तो टीममध्ये. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण गाडीवाल्याला टीमबाहेर बसवायचं नाही हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. त्याला बॅट उलटी धरायची सवय असली तरी. डॉक्टरांची एक गाडी, लॅबवाल्याची दुसरी, आणि तिसरी बर्वेसाहेबांची. बर्वेसाहेब इंजिनियर, वजन भरपूर, फिल्डिंग करताना वाकायचे नाहीत, पाय आडवा घालायचे. पण त्यांच्याकडे अमेरिकन स्टेशन वॅगन होती, लांबच लांब, आणि आमची गुंडाळलेली मॅट फक्त त्याच गाडीत मावायची. म्हणजे बर्वे नाहीत तर मॅट नाही, आणि मॅट नाही तर मॅच नाही. बर्वेसाहेबांना हे पूर्ण ठाऊक होतं. ते दर शुक्रवारी ओपनिंग बॅट्समनसारखे ऐटीत उतरायचे.

आता बाबी. बाबी मेस्त्री, कुडाळजवळच्या एका गावचा, एका बांधकाम कंपनीत शटरिंगचा सुतार. तीन वर्षांच्या काँट्रॅक्टवर आलेला, लग्न व्हायचं होतं, अबू हलीफाच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जणांबरोबर राहायचा. पहिल्यांदा आला तो मॅट ठोकायलाच. कोणीतरी म्हणालं, सुतार आहे, खिळे बरे मारेल. त्यानं मॅटवरून हात फिरवला, आमचे खिळे उपटून काढले आणि सगळी मॅट पुन्हा ठोकली. मग उभा राहून म्हणाला, "भाऊ, एक बॉल टाकून बघू?" चार पावलं चालत आला आणि बॉल सोडला. काथ्यावर पडून तो असा वळला की डॉक्टर सामंतांनी बॅट भलतीकडेच नेली आणि मग स्टंप पडल्यावर "हरकत नाही" म्हणाले. रंधा मारून मारून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. त्या घट्ट्यांनी तो बॉलची शिवण पकडायचा.

त्या हिवाळ्यात आम्ही जिंकायला लागलो ते बाबीमुळे. मी हे मोठ्यानं सांगतो, कारण तेव्हा कोणी सांगितलं नाही. सगळे म्हणायचे टीम जमलीय, टीम स्पिरिट आलंय. कसलं स्पिरिट? समोरच्यांना त्याचा बॉल कळत नव्हता, एवढंच. तो विकेट घ्यायचा, मग ओशाळल्यासारखा हसायचा आणि ओव्हर संपली की मॅटचा कुठला खिळा वर आलाय ते बघायला जायचा. पोहे खायला गाड्यांपाशी कुटुंबवाले जमायचे तेव्हा तो आपला डबा घेऊन जरा बाजूला बसायचा. मीही कधी "इकडे ये" म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, हे आज कळतं, आणि त्याचाही राग येतो.

त्याला जागा मिळायची, ती ड्यूट्यांमुळे. आमचे निम्मे खेळाडू हॉस्पिटलवाले. कोणाची ना कोणाची शुक्रवारी ड्यूटी असायचीच. कधी अकरा, कधी दहाच. त्यामुळे सगळा सीझन कोणाला वगळण्याची वेळच माझ्यावर आली नाही. नावं काढणारा म्हणून मी जो मिरवायचो, तो खरं तर आहेत ती माणसं मोजायचो.

जानेवारीत बाबीचं काँट्रॅक्ट संपलं. कंपनी माणसं गटागटानं परत पाठवायची, त्याचा गट महिन्याच्या सुरुवातीलाच जाणार होता. म्हणजे तो गावच्या जत्रेला पोचला असता. तीन वर्षांत एकही जत्रा त्याला मिळाली नव्हती, आणि बोलायला लागला की तो जत्रेबद्दलच बोलायचा. कोण कुठलं काम करतो, देवळापाशी मंडप कुठून कुठपर्यंत. एका शुक्रवारी मॅट गुंडाळताना तो मला म्हणाला, "भाऊ, मी म्हयनोभर रवतंय. फोरमनाक सांगलंय, माका ह्या गटात धाडू नका."

"का रे?"

"फायनल खेळतलंय. मगे जातलंय."

"आणि घरी काय कळवलंस?"

"काम संपाक नाय म्हणून." तो हसला. "कोणाक सांगू नकात हां."

मी सांगितलं नाही. मला अभिमान वाटला, की माझ्या टीमसाठी एक माणूस जत्रा सोडून थांबलाय. दुसरं काही वाटलं नाही.

फायनलच्या आठवड्यात सगळ्यांनी ड्यूट्या बदलून घेतल्या. रविवारपासून फोन यायला लागले. "मी आहे हां." "मी पण आहे." बुधवारी मोजले तर बारा. सगळे हजर, आणि हीच अडचण. विकेटकीपर काढता येत नव्हता, ओपनिंगवाले काढता येत नव्हते. "तुझा-तुझा" वाले दोघे बॅटिंग बरी करायचे. मी बर्वेसाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, बायकोनं चिवडा आणून ठेवला. मी जरा आडून आडून विषय काढला, की साहेब, या वेळी तुम्ही गाडी आणाल का, आणि बाहेरून जरा मार्गदर्शन...

"म्हणजे मी काय ड्रायव्हर आहे?" बर्वे म्हणाले.

"तसं नाही."

"मग कसं? लेट अस बी प्रॅक्टिकल, मॅनेजर. माझी मिसेस, मुलं, शेजारी, सगळे बघायला येणारेत. मी त्यांना काय सांगू, बाबा मॅट पोचवायला आलेत?" चिवड्याची बशी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "आणि त्या सुताराला वाईट वाटणार नाही. ते लोक समजूतदार असतात."

त्या क्षणी उठून जायला हवं होतं. मी चिवडा खाल्ला. चांगला झालाय म्हणालोही.

गुरुवारी संध्याकाळी कॅम्पवर गेलो. बाबी बाहेर नळावर पांढरी पँट धूत होता. एकच होती त्याच्याकडे, दर गुरुवारी धुवायचा. मी वळणं घेत घेत सांगितलं. गाडी, मॅट, बर्वेसाहेब, टीमचं हित. मी टीमचं हित हा शब्द वापरला, हे मला चांगलं आठवतं. त्यानं पँट पिळली आणि दोरीवर टाकली. वाळत घालायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी नीट झटकून टाकली.

"बरा," तो म्हणाला. "मगे मॅट कोण ठोकतलो? मी येतलंय सकाळी."

मला वाटलं होतं तो चिडेल. मी तयारी करून गेलो होतो. चिडला असता तर मीही चढा आवाज लावला असता, आणि आज निदान एक भांडण आठवलं असतं. तो आला. स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात मॅटशेजारी पाय आखडून बसून आला, आणि त्यानं मॅट अशी ठोकली की तशी सबंध सीझनमध्ये बसली नव्हती.

आमची बॅटिंग पहिली. डॉक्टरांनी बरे रन काढले, बाकी आम्ही आपले आलो आणि गेलो. मी दोन रन काढले. बर्वेसाहेब पहिल्याच बॉलला पायावर आउट झाले आणि अंपायरशी हिंदीत भांडून परतले. समोरची टीम खेळायला उतरली आणि त्यांच्या एका डावखुऱ्यानं आम्हाला धू धू धुतलं. मॅट ताठ, काथ्या कोरडा, बॉल वळण्यासाठी आसुसलेला, आणि वळवणारा माणूस बाहेर पाण्याच्या कॅनवर बसलेला. आठ ओव्हरी झाल्या तेव्हा बर्वेसाहेबांना दम लागला. छातीवर हात ठेवून ते मैदानाबाहेर गेले, गाडीत बसले, आणि एसी लावला. त्या गार हवेत एसी!

मग त्यांच्याऐवजी बाबी आत आला. बदली खेळाडू. बदली खेळाडूला फिल्डिंग करता येते, बॉलिंग करता येत नाही. डॉक्टरांनी त्याला बॉलरच्या जवळच उभं केलं. म्हणजे दर बॉलनंतर बॉल फिरून त्याच्याच हातात यायचा. तो पँटीवर पुसायचा, बोटं आपोआप शिवणीवर जायची, मनगट जरासं वळायचं, आणि मग तो बॉल बॉलरकडे फेकायचा. बॉलमागून बॉल, ओव्हरमागून ओव्हर. मी लांब बाऊंड्रीवर उभा राहून हे बघत होतो. पुढे डावखुऱ्यानं एक उंच मारला. दोघं "तुझा, तुझा" करणार इतक्यात बाबी मागे धावत गेला आणि पाठमोऱ्यानं त्यानं तो घेतला. तिथे मॅच फिरली. आम्ही पाच-सहा रननी जिंकलो. स्कोअरबुकात त्या कॅचपुढे लिहिलंय "बदली". नाव लिहायची पद्धत नाही म्हणे.

जिंकलो, हाच घात झाला. हरलो असतो तर निदान कोणीतरी विचारलं असतं, बाबीला का बसवलंत? जिंकल्यावर कोण विचारतो! बर्वेसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघा मॅनेजर, बॅलन्स महत्त्वाचा." डॉक्टरांनी सगळ्यांचे आभार मानले, वहिनींनी केलेल्या वड्यांचेही. पुढे काही वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात त्या निवडीचं कौतुक झालं, मॅनेजरनं कसे कठोर निर्णय घेतले वगैरे. मी मान डोलवायचो. गेल्या आठवड्यात नव्या टीमचे दोघं घरी आले, म्हणाले, "तुमचा अनुभव मोठा, या वर्षी मॅनेजर व्हा." आता सगळ्यांकडे गाड्या आहेत, मॅट न्यायला वेगळी सोय आहे. मी त्यांना इतकं तिरसट बोललो की चहा न पिताच ते गेले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कॅम्पवर गेलो होतो. रविवारी बाबीचं विमान होतं. तो सामानासाठी प्लायवूडची पेटी ठोकत होता. मी शेजारी उकिडवा बसलो. इतका वेळ मनात घोळवलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"बाबी, चुकलं माझं. बर्व्यांना बसवायला हवं होतं."

"त्यांका कसे बसवतलात?" हातोडी न थांबवता तो म्हणाला. "मगे मॅट कशी येतली?"

"ते आहेच रे. पण मग कोणाला बसवणार होतो मी?"

मी हे खरोखर विचारलं होतं. उत्तर माहीत असून विचारलं नव्हतं. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग कळलं की नाही, आणि तो एकदम संकोचला. खिळे मुठीत घेऊन तो पेटीच्या दुसऱ्या कडेला गेला, माझ्याकडे पाठ होईल असा.

"तुमका खेळूचा होता ना, भाऊ," तो हळूच म्हणाला. "माका ठावक होता. माणसाक वाटताच तसा. त्यात काय."

त्या आठवड्यात मी एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटांवर किती वेळा अकरा नावं लिहिली असतील! डॉक्टर खोडून बघितले, लॅबवाला खोडून बघितला, बर्वे तर प्रत्येक पाकिटावर खोडले आणि परत लिहिले. दर वेळी पहिलं नाव झरकन लिहून व्हायचं, आणि कोणाला वगळायचं हा विचार मी दुसऱ्या नावापासून सुरू करायचो.